पॉम्पेई: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

इटलीला जाऊन आलेले, जायच्या तयारीत असलेले, मुलांच्या प्रोजेक्टसाठी धावपळ करणारे पालक... पॉम्पेई या प्राचीन रोमन शहराबद्दल सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच असतात. त्यातल्या निम्म्या प्रश्नांच्या पोटात एक समजूत दडलेली असते. एका क्षणात शहर गाडलं गेलं, सतराशे वर्षं कोणी हात लावला नाही आणि मग ते जसंच्या तसं आपल्या हाती आलं, अशी. ही समजूत बरीचशी चुकीची आहे. पॉम्पेई आधी भूकंपाने मोडलं, मग ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं, मग लुटलं गेलं, नंतर खणलं गेलं, बॉम्बनी फुटलं आणि पुन्हा बांधलं गेलं. आज दिसतं ते या सगळ्याचं मिळून उरलेलं शहर आहे. खालची उत्तरं वाचताना एवढं लक्षात असू द्या.

पॉम्पेई नेमकं कुठे आहे? केवढं शहर होतं?

दक्षिण इटलीत नेपल्सच्या आखाताजवळ, व्हेसुव्हियस या ज्वालामुखी डोंगराच्या आग्नेयेला. तटबंदीच्या आतलं क्षेत्र साधारण ६६ हेक्टर, म्हणजे एकशे साठेक एकर. लोकवस्तीचे अंदाज दहा हजारांपासून वीस हजारांपर्यंत जातात. बहुतेक अभ्यासक खालच्या आकड्याकडे झुकतात.

रोमच्या मानाने हे मध्यम आकाराचं गाव होतं. राजधानी नाही, तीर्थक्षेत्र नाही. सार्नो नदीच्या मुखाशी असल्यामुळे आतल्या मुलखातला माल इथून समुद्रात जायचा. आज समुद्र तिथून दोनेक किलोमीटर लांब गेला आहे, कारण उद्रेकाच्या राखेने किनाराच पुढे ढकलला. मूळ वस्ती ऑस्कन भाषा बोलणाऱ्यांची. इ.स.पू. ८० मध्ये रोमन सेनापती सुल्लाने आपले निवृत्त सैनिक इथे वसवले, तेव्हापासून ते रीतसर रोमन झालं. पॉम्पेईचं महत्त्व त्याच्या सामान्यपणातच आहे. मोठ्या राजधान्यांची वर्णनं ग्रंथांत मिळतात. अशा गावातल्या पाववाल्याचं, धोब्याचं, गुलामाचं आयुष्य मात्र कोणी लिहून ठेवत नाही.

उद्रेक कोणत्या दिवशी झाला? ऑगस्ट की ऑक्टोबर?

वर्ष इ.स. ७९, त्याबद्दल वाद नाही. तारखेबद्दल मात्र आहे. पाठ्यपुस्तकांत २४ ऑगस्ट असते. ती उद्रेक डोळ्यांनी पाहिलेल्या धाकट्या प्लिनी या रोमन लेखकाच्या पत्राच्या हस्तलिखितांवरून आली आहे. मूळ पत्र आपल्याकडे नाही, शतकानुशतकं नकला होत आलेली प्रत आहे, आणि नकलांमध्ये आकडे बिघडतात हे जुन्या पोथ्या चाळलेल्या कोणालाही सांगायला नको.

ऑक्टोबरच्या बाजूचे पुरावे असे: घरांत सापडलेली डाळिंबं आणि शरद ऋतूतली इतर फळं, द्राक्षं तुडवून वाइन भरून तोंडं बंद केलेले रांजण, पेटत्या शेगड्या. २०१८ मध्ये आणखी एक पुरावा मिळाला. दुरुस्ती चालू असलेल्या एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली ओळ सापडली, तिच्यावर आपल्या हिशोबाने १७ ऑक्टोबर ही तारीख होती. कोळशाचं लिखाण फार दिवस टिकत नाही, म्हणून ते उद्रेकाच्या आठवडाभर आधीचं असावं आणि उद्रेक २४ ऑक्टोबरला झाला असावा, असा तर्क. त्या ओळीत वर्ष नाही, हा यातला कच्चा दुवा. ऑगस्टची बाजू घेणारे अभ्यासक आजही आहेत. माझा कौल शरद ऋतूला.

लाव्ह्याने शहर जाळलं ना?

नाही. पॉम्पेईत लाव्हा आलाच नाही.

दुपारी एकच्या सुमारास व्हेसुव्हियसमधून राख, वायू आणि दगडांचा खांब आकाशात चढला. संशोधकांच्या अंदाजाने तो सुमारे तीस किलोमीटर उंच गेला. वारा नेमका पॉम्पेईच्या दिशेने होता. मग शहरावर प्युमिस पडू लागला. प्युमिस म्हणजे पाय घासायला बाजारात मिळतो तो हलका, भोकाभोकांचा दगड. एकेक खडा फार जड नसतो, पण तो अठरा तासांच्या आसपास पडत राहिला आणि सुमारे पावणेतीन मीटरचा थर साचला. त्या वजनाने छपरं बसली. घरात आसरा घेतलेले अनेक जण तिथेच दबून गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून वरचा खांब कोसळू लागला. गरम वायू आणि राखेचे लोट डोंगर उतरून जमिनीलगत धावत आले. याला पायरोक्लास्टिक प्रवाह म्हणतात. त्याच्यापुढे पळणं शक्य नसतं. उरलेल्यांपैकी बहुतेक जण या लोटांनी मेले. सगळा थर मिळून चार ते सहा मीटर झाला.

हा क्रम नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण 'एका क्षणात' वगैरे जे म्हटलं जातं ते इथेच खोटं ठरतं. शहर सोडायला लोकांना काही तास मिळाले होते. ज्यांनी पहिल्या दुपारी गाव सोडलं त्यांच्यातले बरेच वाचले. जे दागिने गोळा करत बसले, म्हाताऱ्यांना सोडवेना म्हणून थांबले, दगडांचा पाऊस ओसरेल म्हणून वाट बघत बसले, किंवा मालकाने जाऊ दिलं नाही म्हणून अडकले, ते राहिले.

किती लोक मेले?

आतापर्यंत उत्खनन झालेल्या भागात हजाराहून थोडे जास्त मृतदेहांचे अवशेष सापडले आहेत. त्यातले एक तृतीयांशाहून अधिक प्युमिसच्या थरात, म्हणजे मुख्यतः छपरं पडून गेलेले, आणि बाकीचे वरच्या राखेत. एक तृतीयांश शहर अजून खणायचं आहे आणि तटाबाहेर पळताना मेलेले वेगळे, त्यामुळे खरा आकडा मोठाच असणार. तरी सगळं गाव मेलं नाही. पॉम्पेईत आढळणारी कुळनावं नंतरच्या काळात नेपल्स, पुतिओली, ओस्टिया अशा ठिकाणच्या शिलालेखांत दिसतात. माणसं निर्वासित झाली आणि शेजारच्या गावांत संसार थाटून बसली. सम्राट टायटसने मदतीसाठी अधिकारी नेमले, आणि वारस न उरलेल्या मृतांची मालमत्ता त्या गावांच्या उभारणीसाठी वळवली.

लोकांना ज्वालामुखीची कल्पना नव्हती का?

शेतकऱ्यांसाठी तो द्राक्षमळ्यांनी भरलेला सुपीक डोंगर होता. स्ट्रॅबो या भूगोलकाराने त्याच्या माथ्यावरचे जळके दगड पाहून इथे पूर्वी कधीतरी आग असावी असं लिहून ठेवलं होतं. पण हा अभ्यासकाचा शेरा, गावकऱ्यांना कोण सांगणार?

इशारा मात्र मिळाला होता. इ.स. ६२ मध्ये, काही इतिहासकारांच्या मते ६३ मध्ये, मोठा भूकंप झाला आणि पॉम्पेईची बरीच मोडतोड झाली. सेसिलियस युकुंडस नावाच्या लिलावदाराच्या घरात या भूकंपाचं संगमरवरी शिल्प होतं. त्यात देवळाच्या कमानी आणि पुतळे तिरपे झालेले दिसतात. सतरा वर्षांनी उद्रेक झाला तेव्हासुद्धा दुरुस्त्या चालूच होत्या. कुठे चुन्याचे ढीग पडलेले, कुठे अर्धी रंगवलेली भिंत, तर कुठे बंद पडलेलं सार्वजनिक स्नानगृह. म्हणजे आपण ज्याला 'रोमन शहराचा एक नेहमीचा दिवस' म्हणतो, तो खरं तर बांधकाम चालू असलेल्या, थोड्या विस्कटलेल्या गावाचा दिवस होता.

प्लिनी कोण? त्याचं नाव सारखं का येतं?

दोन प्लिनी आहेत, मामा आणि भाचा. मामा म्हणजे थोरला प्लिनी, मिसेनम इथल्या रोमन आरमाराचा प्रमुख आणि निसर्गाबद्दल प्रचंड ग्रंथ लिहिणारा अभ्यासक. भाचा त्यावेळी सतरा वर्षांचा. आखाताच्या पलीकडून त्यांना डोंगरावर छत्रीसारख्या पसरणाऱ्या पाइनच्या झाडासारखा ढग दिसला. मामा आधी कुतूहलाने आणि मग अडकलेल्यांना सोडवायला जहाजं घेऊन निघाला. भाच्याला बरोबर येतोस का विचारलं, तर तो म्हणाला, मला अभ्यास आहे. त्या अभ्यासापायी आपल्याला घटनेचं एकमेव प्रत्यक्षदर्शी वर्णन मिळालं, कारण तो वाचला.

मामा स्टाबिये गावच्या किनाऱ्याला लागला. मित्राच्या घरी अंघोळ केली, जेवला आणि झोपला. इतका गाढ की दाराबाहेर घोरणं ऐकू येत होतं. सगळ्यांना धीर यावा म्हणून तो हे करत होता, असं भाचा लिहितो. पुढे अंगणात दगड साचू लागल्यावर सगळे डोक्याला उशा बांधून किनाऱ्याकडे निघाले. तिथेच तो कोसळला. बऱ्याच वर्षांनी इतिहासकार टॅसिटसने विचारल्यावर भाच्याने दोन पत्रांत हे सगळं लिहून पाठवलं. पॉम्पेईचं नाव त्या पत्रांत एकदाही येत नाही!

शहर पुन्हा कसं सापडलं? मधल्या काळात सगळे विसरले होते का?

लगेच कोणी विसरलं नाही. वाचलेले लोक आणि चोर दोघेही परत आले आणि राखेतून खाली भुयारं पाडून पुतळे, संगमरवर, पेट्या काढून नेल्या. भिंतींना पाडलेली ती भगदाडं आजही दिसतात. काही लोक तर ढिगाऱ्यात येऊन राहिले. घरांचे वरचे मजले राखेबाहेर होते तिथे वस्ती, आणि तळघर झालेल्या खालच्या मजल्यावर चूल. गाडल्या गेलेल्या शहराचं हे दुसरं आयुष्य अलीकडे कुठे नीट अभ्यासलं जातंय. पूर्वीचे खणणारे सुंदर भित्तिचित्रांपर्यंत पोहोचायच्या घाईत हे वरचे थर उपसून फेकून देत.

नंतर मात्र जागेचं नाव फक्त 'शहर' एवढंच उरलं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस डोमेनिको फोंताना या वास्तुविशारदाने सार्नो नदीचा कालवा खणताना थेट शहराच्या पोटातून बोगदा नेला. त्याला शिलालेख मिळाले, पण हे पॉम्पेई आहे हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

खरं उत्खनन सुरू झालं ते त्याच उद्रेकात गाडल्या गेलेल्या शेजारच्या हर्क्युलेनियम गावात, १७३८ साली. नेपल्सचा राजा चार्ल्स याला राजवाड्यासाठी पुतळे हवे होते. आल्कुबियेरे नावाच्या स्पॅनिश लष्करी अभियंत्याने १७४८ मध्ये इकडेही खणायला सुरुवात केली. हे स्टाबिये आहे, असा त्यांचा समज होता. १७६३ मध्ये 'पॉम्पेईकरांचं' नाव कोरलेला शिलालेख निघाला तेव्हा कुठे गावाला त्याचं नाव परत मिळालं. म्हणजे पंधरा वर्षं ते एका गावाच्या नावाने दुसरंच गाव खणत होते.

त्या काळच्या कामाला उत्खनन म्हणायचं ते सौजन्य म्हणून. पुतळा मिळाला की खड्डा बुजवायचा, आवडलेलं चित्र भिंतीतून कापून काढायचं. शिस्त आली ती १८६० नंतर पुरातत्त्वज्ञ जुझेप्पे फिओरेल्ली यांच्या काळात. त्यांनी शहराचे नऊ विभाग पाडले, घरांना क्रमांक दिले आणि वरून खाली थराथराने खणायची पद्धत लावली. आजही घराचा पत्ता त्यांच्याच आकड्यांत सांगतात.

ती दगड झालेली माणसं खरी आहेत का?

माणसं दगड झालेली नाहीत. ते प्लास्टरचे साचे आहेत आणि आत खरी हाडं आहेत.

बारीक राख अंगाभोवती घट्ट बसली आणि कडक झाली. आतलं शरीर कुजून गेलं, हाडं उरली, आणि शरीराच्या आकाराची पोकळी राहिली. १८६३ मध्ये फिओरेल्लींनी अशा पोकळीत पातळ प्लास्टर ओतलं, ते सुकू दिलं आणि बाहेरची राख फोडली. कपड्यांच्या चुण्या आणि चपलांचे पट्टेसुद्धा उमटले. असे शंभरेक साचे आहेत. फक्त राखेच्या थरात मेलेल्यांचेच साचे मिळतात. प्युमिसमध्ये दबलेल्यांची नुसती हाडं सापडतात, कारण त्या सुट्या खड्यांत पोकळी टिकत नाही.

आता एक सावधगिरी. या साच्यांना एकोणिसाव्या शतकापासून गोष्टी चिकटवलेल्या आहेत: आई आणि बाळ, दोन बहिणी, प्रेमी युगुल. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासाने त्यातल्या काही पार उलट्या केल्या. हातात सोन्याचं कडं आणि मांडीवर मूल, म्हणून ज्या व्यक्तीला पन्नासेक वर्षं 'आई' म्हटलं ती पुरुष निघाली, आणि त्या मुलाशी तिचं रक्ताचं नातंही नव्हतं. मिठीतल्या 'दोन बहिणीं'पैकी एक पुरुष होता. शिवाय जुन्या कारागिरांनी काही साच्यांची ठेवण परिणामकारक दिसावी म्हणून थोडी बदललीही होती. तेव्हा गाइडने रडवेली गोष्ट सांगितली तर ऐका जरूर, पण लगेच विश्वास ठेवू नका.

लोक काय खात होते? पिझ्झा?

पिझ्झा नाही. २०२३ मध्ये एका भिंतीवर ताटातल्या चपट्या पावाचं चित्र सापडलं आणि जगभर 'पॉम्पेईचा पिझ्झा' अशी बातमी झाली. टोमॅटो अमेरिकेतून युरोपात आला तो सोळाव्या शतकात. तो पाव होता आणि वर बहुधा डाळिंब, खजूर अशी फळं.

पाव मात्र खराच मिळाला आहे. मोदेस्तुस नावाने ओळखल्या जाणाऱ्या बेकरीच्या भट्टीत ८१ पाव सापडले. गोल, वर आठ भागांच्या खाचा पाडलेले, जळून कोळसा झालेले. शहरात तीसेक बेकऱ्या होत्या. ज्वालामुखीच्या दगडाची धान्य दळायची जाती गाढवं आणि गुलाम ओढत. २०२३ च्याच सुमारास एक अशी बेकरी उकरली गेली जिच्या खिडक्यांना लोखंडी गज होते आणि बाहेर रस्त्यावर उघडणारं दार नव्हतं. रस्ता होता तो फक्त मालकाच्या घरात जाणारा. फरशीत जनावरांच्या पायांसाठी गोलाकार खाचा कोरलेल्या होत्या, म्हणजे डोळे बांधलेलं गाढव ठरल्या वाटेवरून फिरत राहील. पॉम्पेईतली देखणी घरं बघताना ही खोलीही डोक्यात असावी, असं मला वाटतं.

बाहेर खायची सवय तेव्हाही होती. दगडी ओट्यात रांजण बसवलेली खाणावळीची दुकानं शहरात दीडशेच्या घरात आहेत. २०२० मध्ये पूर्ण मोकळ्या केलेल्या एका दुकानाच्या ओट्यावर कोंबडा आणि उलटी टांगलेली बदकं रंगवलेली आहेत. रांजणांच्या तळाशी बदक, डुक्कर, बकरी, मासे, गोगलगाय यांचे अवशेष मिळाले. एका दारूच्या दुकानाच्या भिंतीवर भावही लिहिलेला आहे: एका नाण्यात साधी वाइन, दोनमध्ये बरी, चार द्याल तर फालेर्नियन, म्हणजे त्या काळची उंची.

आणि गारूम. मासे मिठात घालून उन्हात महिनोन्‌महिने मुरवून केलेलं कालवण-चटणीसारखं पातळ द्रव. उंबरिकियस स्कौरस या उत्पादकाने त्यावर इतका पैसा केला की आपल्या घराच्या जमिनीवर मोझेकमध्ये, म्हणजे रंगीत खड्यांच्या नक्षीत, गारूमच्या सुरया चितारून घेतल्या, लेबलासकट. जाहिरातीची जागा चुकली नाही!

भिंतींवर एवढं काय लिहिलंय?

माझ्या मते हाच पॉम्पेईचा खरा खजिना. कोरलेली, ओरखडलेली, रंगवलेली मिळून दहा हजारांवर लिखाणं सापडली आहेत. हिशेब, शिव्या, प्रेमपत्रं, कवितांच्या ओळी, ग्लॅडिएटरच्या खेळांच्या जाहिराती. एका वैतागलेल्या माणसाने भिंतीलाच उद्देशून लिहिलंय की इतक्या लेखकांचा कंटाळा पेलून तू अजून पडली कशी नाहीस, याचं मला नवल वाटतं.

निवडणुका दरवर्षी व्हायच्या, त्यामुळे प्रचाराचे फलक अडीच हजारांच्या वर आहेत. व्यावसायिक रंगारी रात्री कंदिलाच्या उजेडात भिंत पांढरी करून लाल-काळ्या अक्षरांत नावं रंगवत. फळविक्रेते, सोनार, पाववाले आपापला उमेदवार जाहीर करत. वातिया नावाच्या उमेदवाराला 'उशिरापर्यंत पिणाऱ्यांचा' आणि 'भुरट्या चोरांचा' पाठिंबा असल्याचे फलक आहेत. विरोधकांचा खोडसाळपणा की मित्रांची थट्टा, यावर अभ्यासक अजून हसत-भांडत असतात. बायकांना मत नव्हतं, तरी प्रचाराच्या फलकांवर त्यांची नावं सापडतात.

मैदानात दंगलीही होत. इ.स. ५९ मध्ये अँफिथिएटरमध्ये खेळ चालू असताना पॉम्पेईकर आणि शेजारच्या न्युकेरियाचे लोक आधी शिव्यांवर, मग दगडांवर आणि शेवटी तलवारींवर आले. रोमच्या सिनेटने तिथल्या खेळांवर दहा वर्षं बंदी घातली. या मारामारीचं चित्र एका घरात भिंतीवर काढलेलं होतं. आता ते नेपल्सच्या संग्रहालयात आहे.

पॉम्पेईत लक्ष्मीची मूर्ती सापडली, हे खरं का?

मूर्ती भारतीय आहे, हे पक्कं. लक्ष्मी आहे का, तर बहुधा नाही.

१९३८ मध्ये इटालियन पुरातत्त्वज्ञ आमेदेओ मायुरी यांना शहराच्या मुख्य रस्त्यावरच्या एका घरात ही हस्तिदंती मूर्ती तुकड्यांत मिळाली. उंची सुमारे २४ सेंटिमीटर, वितेहून किंचित जास्त. अंगावर वस्त्र नाही, दागिने मात्र भरगच्च: गळ्यात हार, कमरेला मेखला, हातभर बांगड्या, पायांत वाळ्यांच्या चळती. दोन्ही बाजूंना शृंगाराचं साहित्य घेतलेल्या छोट्या दासी. डोक्यातून खाली जाणारं भोक आहे, त्यावरून ती आरशाची मूठ किंवा एखाद्या लाकडी सामानाचा पाय असावी. मायुरींनी तिला लक्ष्मी म्हटलं आणि ते नाव चिकटलं. पण कमळ वगैरे लक्ष्मीची खूण तिच्यावर नाही, म्हणून आज तिला यक्षी म्हणणारे जास्त आहेत.

इथे महाराष्ट्राचा धागा येतो. मूर्ती मथुरेची असावी असं आधी मानलं जाई. पुढे जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात तिच्याशी अगदी जुळणाऱ्या हस्तिदंती मूर्तींचे अवशेष मिळाले आणि पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी ती भोकरदनचीच असावी असं मांडलं. भोकरदन म्हणजे सातवाहनकालीन भोगवर्धन, पैठणहून उज्जैनकडे जाणाऱ्या व्यापारी वाटेवरचं संपन्न गाव. इथल्या लोकांनी सांचीच्या स्तूपाला दानं दिल्याचे लेख आहेत. मूर्तीच्या बैठकीवर खरोष्ठीत एक अक्षर आहे आणि ती लिपी मुख्यतः वायव्येकडची, म्हणून काही अभ्यासकांना भोकरदन पटत नाही. मात्र तेव्हा भडोच बंदरातून दख्खनचा आणि उत्तरेचा दोन्हीकडचा माल जात होता आणि पैठण-तेरचा माल बैलगाड्यांनी भडोचला येतो, असं त्याच शतकातला एक ग्रीक व्यापारी लिहून गेला आहे. त्यामुळे एका मूर्तीवर दोन प्रदेशांच्या खुणा सापडणं अशक्य नाही.

व्यापार इतका होता की थोरल्या प्लिनीने तक्रार केली आहे: भारत दरवर्षी साम्राज्याचे निदान ५ कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो. मिरी, मोती, तलम कापड यांच्यापायी. उलट दिशेने काय आलं ते बघायचं तर कोल्हापूरला टाउन हॉल संग्रहालयात जा. ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेली समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती तिथे आहे.

हर्क्युलेनियम वेगळं कसं?

लहान, श्रीमंत आणि जास्त खोल गाडलेलं. तिथे जवळजवळ वीस मीटर थर साचला. वारा उलट दिशेला असल्याने पहिल्या दिवशी प्युमिस फारसा पडला नाही, पण रात्री गरम लोट आधी तिथेच पोहोचले. बराच काळ वाटत होतं की गाव रिकामं झालं असणार. १९८० च्या दशकात समुद्रकिनाऱ्यावरच्या होड्या ठेवायच्या कमानींत तीनशेच्या आसपास सांगाडे निघाले. लोक होडीची वाट बघत तिथे दाटीवाटीने थांबले होते.

लाकूड, दारं, खाट, पाळणा, दोर अशा वस्तू तिथे कोळशाच्या रूपात टिकल्या. एका बंगल्यात पपायरसच्या शेकडो गुंडाळ्या मिळाल्या. उलगडायला गेलं की चुरा होतो, म्हणून त्यातल्या अनेक अडीचशे वर्षं तशाच पडून होत्या. आता क्ष-किरण स्कॅन आणि एआयच्या मदतीने न उघडता वाचन सुरू झालं आहे. २०२३ मध्ये अशा बंद गुंडाळीतून पहिला शब्द वाचला गेला, तो होता 'जांभळा' या अर्थाचा ग्रीक शब्द. तो वाचणाऱ्यांत एक विशीतला अमेरिकन विद्यार्थी होता.

एवढं सापडलंय तर उरलेलं का खणत नाहीत?

मुद्दाम. खणलेलं सांभाळणं जास्त कठीण असतं. पाऊस, ऊन, गवत, पर्यटकांचे पाय, सगळं भिंतींना खातं. १९४३ मध्ये मित्रराष्ट्रांच्या विमानांनी इथे दीडशेच्या वर बॉम्ब टाकले, त्यात घरं आणि जागेवरचं संग्रहालय फुटलं. नोव्हेंबर २०१० मध्ये ग्लॅडिएटरांशी जोडली जाणारी एक इमारत पावसाने कोसळली आणि इटलीची जगभर नाचक्की झाली. मग युरोपीय संघाच्या मदतीने साडेदहा कोटी युरोंचा दुरुस्ती प्रकल्प झाला. अलीकडची गाजलेली बरीच उत्खननं मुळात खणलेल्या भागाच्या कडा सुरक्षित करताना झाली आहेत. उरलेला तिसरा हिस्सा पुढच्या पिढीच्या चांगल्या साधनांसाठी ठेवणंच शहाणपणाचं.

व्हेसुव्हियस पुन्हा फुटेल का?

फुटेल. कधी, ते कोणी सांगू शकत नाही. १६३१ च्या उद्रेकात हजारो लोक मेले. शेवटचा उद्रेक मार्च १९४४ चा, त्यात अमेरिकन विमानतळावरची डझनावारी बॉम्बर विमानं राखेने निकामी झाली. आज सर्वात धोक्याच्या पट्ट्यात सहा-सात लाख लोक राहतात. त्यांना ७२ तासांत हलवण्याची सरकारी योजना तयार आहे. १८४१ मध्ये स्थापन झालेली तिथली वेधशाळा डोंगरावर रात्रंदिवस नजर ठेवून असते. सहलीला जाणाऱ्याने घाबरायचं कारण नाही.

एक दगड आणला तर काय होतं?

कायद्याने गुन्हा होतो. शिवाय दगड नेल्यावर घरात संकटं आली, अशी पत्रं लिहून लोक ते पोस्टाने परत पाठवतात, आणि व्यवस्थापनाकडे त्यांचा ढीग झालाय. शापावर माझा विश्वास नाही, पण त्यामुळे दगड परत येत असतील तर शाप राहू दे.

कसं जायचं आणि किती वेळ लागतो?

नेपल्सच्या गॅरिबाल्डी स्थानकातून सोरेंतोकडे जाणारी सिर्कुमव्हेसुव्हियाना ही लोकल पकडायची आणि 'पॉम्पेई स्कावी' स्टेशनला उतरायचं. तासाच्या आत पोहोचता, प्रवेशद्वार समोरच. गाडीत गर्दी असते, पाकीट सांभाळा. २०२४ च्या अखेरीपासून दिवसाला २० हजार लोकांचीच मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव असतं, म्हणून आधी ऑनलाइन काढून ठेवा.

निदान चार तास हाताशी ठेवा. रस्ते मोठमोठ्या दगडांचे, ओबडधोबड, गाड्यांच्या चाकांनी घासून खोल चाकोऱ्या पडलेले. गुडघ्यांचा त्रास असलेल्या आई-वडिलांना नेत असाल तर सोप्या वाटेचा वेगळा मार्ग आखलेला आहे, तो विचारून घ्या. सावली फार कमी. जून ते ऑगस्ट टाळता आलं तर टाळाच. बाटली जवळ ठेवा, आत प्यायच्या पाण्याचे नळ आहेत.

पॉम्पेई, हर्क्युलेनियम आणि नेपल्सचं संग्रहालय एका दिवसात होईल?

टूर कंपन्या म्हणतात होईल. होत नाही. दोन दिवस काढा. शक्य असेल तर संग्रहालय आधी बघा, कारण अलेक्झांडरचं ते मोठं मोझेक, चांगली भित्तिचित्रं आणि वर सांगितलेली हस्तिदंती मूर्ती या सगळ्या वस्तू नेपल्सला आहेत. त्या डोळ्यांखालून घालून गेलात की पॉम्पेईतल्या रिकाम्या भिंतींवर काय होतं ते कळतं. संग्रहालय मंगळवारी बंद असतं. एकच दिवस हाती असेल आणि चालायची हौस कमी असेल, तर माझं मत हर्क्युलेनियमला. गर्दी कमी, वरचे मजले शाबूत आणि सगळं दोन-अडीच तासांत बघून होतं.